कवळीचा किल्ला

३ फेब्रुवारी

दाजी,

नमस्कार आणि दोन तोफांची सलामी. रणांगणावर दहा वाजून चाळीस मिनिटं झाली आहेत. तांबड्यांचा सेनापती, म्हणजे मी, टेकडीवर ठाण मांडून आहे.

तुमची चाल मिळाली. तुमचं निळं पायदळ पुलाकडे नऊ सेंटीमीटर पुढे आलं, ते मी इथल्या टेबलावर तुमच्या वतीने सरकवलं. फुटपट्टी लावून, एक केसही इकडेतिकडे नाही. उत्तरादाखल माझ्या दोन्ही तोफा उडाल्या. फासा पडला एक, गोळे गेले नदीत. अडीचशे वर्षांपूर्वी ही लढाई खरीखुरी झाली तेव्हा तुमचे निळे नदी ओलांडायला कचरले आणि दुपारच्या आत सगळं आटोपलं होतं. आपण तीच अर्ध्या दिवसाची लढाई तीन वर्षं लढतोय आणि अजून अकरा वाजले नाहीत. आपल्या घरांमध्ये चालत वीस मिनिटांचं अंतर आणि पत्राला लागतात सहा दिवस, त्याला मी तरी काय करणार? फर्मान ताईचं आहे.

आता अडचण सांगतो, रागावू नका. काल मागच्या खोलीत काम करताना निवृत्त न्यायाधीशसाहेबांची वरची कवळी पॉलिश करून झाली आणि ती मी क्षणभर टेबलावर ठेवली. नेमकी टेकडीच्या माथ्यावर. हात बाजूला घेतला आणि कलम सात आठवलं. ‘टेबलावर जे ठेवलं ते रणांगणावर आहे. दोन्ही टेबलांवर ते सारखंच असेल. शत्रूने जिंकून घेतल्याशिवाय ते उचलता येणार नाही.’ मी एकदा चहाचा कप पुलावर ठेवून परत उचलला तेव्हा हे कलम तुम्हीच घातलं होतं. तेव्हा टेकडीवर आता चौदा दातांचा किल्ला आहे. तुमच्याकडेही तो उभारावा लागेल.

ताई कशी आहे? माझा विषय कधी निघतो का?

तुमचा मेहुणा आणि शत्रू

११ फेब्रुवारी

मेहुणेबुवा,

पत्र पोचलं. किल्ला उभारला आहे.

कवळी बाजारात सुटी मिळत नाही, म्हणून मी माझीच काढली. तुम्हीच बनवलेली असल्यामुळे घडण एकाच हातची आहे. रुंदी सहा सेंटीमीटर. आपल्या मापाने सेंटीमीटरला वीस मीटर, म्हणजे एकशे वीस मीटरची तटबंदी झाली. न्यायाधीशांची कवळी मोजून कळवा. फरक दोन मिलिमीटरांपेक्षा जास्त असल्यास मी हरकत नोंदवीन. पस्तीस वर्षं जमिनी मोजल्या आहेत, बांधावरून झालेली भांडणं मला नवीन नाहीत.

तुमच्या ताईला मी सांगितलं की कवळी दुरुस्तीला दिली आहे. तिने विचारलं, ‘कोणाकडे?’ या गावात कवळ्या करणारे तुम्ही एकटेच, त्यामुळे मला एकदम खोकल्याची उबळ आली. सध्या मी पातळ खिचडी आणि दूध यांवर आहे. नकाशांच्या खोलीत ती पाय ठेवत नाही, एवढंच नशीब.

तुमचा विषय निघत नाही. मी काढला तर ती भांडी जोरात आपटते. तिचं फर्मान तुम्हाला पाठ आहेच: ‘तो माझा उंबरठा चढणार नाही आणि त्याचा आवाज फोनवरूनसुद्धा या घरात येणार नाही.’ पोस्टाचा त्यात उल्लेख नाही, हे मी तेव्हाच टिपून ठेवलं होतं. पण खरं सांगू का, चूक तुमचीच होती. आमच्याकडे खेळायला यायचं, कपाटातला सासूबाईंचा हिरवा लोकरी कोट काढायचा, त्याची अख्खी पाठ कापून टेबलावर कुरण म्हणून अंथरायची आणि वर म्हणायचं, ‘मला वाटलं जुनं फडकं आहे.’ चार वर्षं झाली. अजूनही तो उरलेला कोट ती कपाटात हँगरला लावून ठेवते. पाठ नसलेला.

आणखी एक. तीन वर्षांत तुमचा एकही शिपाई तुम्ही घरी नेलेल्या त्या कुरणावर उतरलेला नाही. माझ्या घोडदळासाठी तो सापळा आहे, हे मी ओळखलं आहे. मी तिथे येणार नाही.

डाव्या डोळ्यापुढे दोन दिवस काळे ठिपके नाचत आहेत. तोफांचा धूर असावा.

आपला,
दाजी

१७ फेब्रुवारी

दाजी,

न्यायाधीशसाहेबांची कवळी पाच सेंटीमीटर नऊ मिलिमीटर. हरकतीला जागा नाही.

साहेब मागच्या आठवड्यात कवळी न्यायला आले. बिचारे पहाटेपासून तोंडावर रुमाल धरून वावरत होते म्हणे. मी सगळं खरं सांगून टाकलं आणि कलम सात पुढे ठेवलं. मला वाटलं आता काठी डोक्यात बसते. तर त्यांनी चष्मा चढवला, कलम तीनदा वाचलं आणि म्हणाले, ‘कलम थुथ्पष्ट आहे.’ मी म्हटलं, साहेब, तुम्हाला दुसरी करून देतो, चार दिवसांचं काम. तर माझ्यावरच डाफरले. वादातल्या वस्तूची नक्कल केली तर वस्तूची किंमत काय राहिली? निकाल लागेपर्यंत थांबू, म्हणाले. आता रोज दहा वाजता येतात, खिडकीशी खुर्ची टाकून बसतात आणि मी फुटपट्टी लावली की वाकून बघतात.

कुरणाचं म्हणाल तर सापळाबिपळा काही नाही. तांबड्यांना तिकडे जायचं नाही, एवढंच. आणि कोट मला खरंच जुना वाटला होता. सारखं तेच किती वेळा सांगायचं?

माझी चाल: काही नाही. टेकडी सोडत नाही. तुमची?

डोळा दाखवा बरं डॉक्टरांना. टेबलाला धूर नसतो, दाजी.

तुमचा मेहुणा

२० मार्च

मेहुणेबुवा,

उशिराबद्दल माफी. पत्र टाइप केलेलं पाहून दचकू नका. डाव्या डोळ्याचा पडदा सुटला होता, शस्त्रक्रिया झाली. आता महिनाभर पालथं पडून राहायचं, वाचायचं नाही, लिहायचं नाही. मी जमिनीकडे तोंड करून सांगतो आणि एक बाई टाइप करतात. तुमची पत्रंही त्याच वाचून दाखवतात. त्या पूर्वी एका कचेरीत टंकलेखिका होत्या. त्या येतात, म्हणजे इथेच असतात.

पालथ्या माणसाला टेबल दिसत नाही, म्हणून बाईंना मी नकाशांच्या खोलीत पाठवलं आणि कोण कुठे आहे ते सांगायला सांगितलं. त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

(टंकलेखिकेची टीप: टेकडीवर दात आहेत. मी ते ओळखले. दीड महिना ज्या माणसासाठी मी भाज्या उकडून, घोटून, गाळून देते आहे, त्याचे दात शिशाच्या शिपायांच्या पहाऱ्यात आहेत. मी सगळी कलमं वाचली. उचलता येत नाहीत असं दिसतं. जिंकता येतात असंही दिसतं.)

बाई फार कार्यक्षम आहेत. माझा विचार नेहमीप्रमाणे पूल राखून थांबण्याचा होता, पण त्यांचं मत पडलं की थांबून कोणाला दात मिळत नाहीत. तेव्हा निळं घोडदळ उथळ पाण्यातून नदी ओलांडत आहे. फासा बाईंनी टाकला. सहा. इतिहासात जे झालं नाही ते पावणेअकराला झालं, मेहुणेबुवा. अडीचशे वर्षांनी निळे नदीपार आहेत आणि मला फक्त फरशी दिसते आहे.

आपला,
दाजी

२६ मार्च

दाजी,

शस्त्रक्रियेचं वाचून जीव खालीवर झाला. मला कळवायचं नाही का कोणी? मी आलो नसतो, पण समोरच्या फुटपाथवर तरी उभा राहिलो असतो. डॉक्टर काय म्हणतात? दिसेल ना नीट?

आणि ही टंकलेखिका कुठून पैदा केली? ताईला चालतं का असं परक्या बाईने घरात ठिय्या मारून बसलेलं? भाज्या घोटते काय, कलमं वाचते काय! ताई तिला एक दिवस असं फैलावर घेईल की टाइपराइटर तिथेच सोडून पळेल. बाईंना सांगा, फौज हाताळायला अक्कल लागते. सहा पडले म्हणजे सेनापती होत नाही कोणी.

घोडदळ तुमच्या वतीने नदीपार केलं. न्यायाधीशसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. निःपक्षपाती म्हणवतात आणि बाजू घेतात दातांची.

एकच विनंती. टेकडीवर यायचं तर पुलाच्या रस्त्याने या. लांब पडतो, पण चांगला रस्ता आहे. कुरणातून येऊ नका.

तुमचा मेहुणा

२ एप्रिल

मेहुणेबुवा,

माझी तब्येत बरी आहे. डॉक्टर म्हणाले, दिसेल.

चालीबाबत माझी स्पष्ट सूचना होती की शत्रू ‘कुरणातून येऊ नका’ म्हणतो तेव्हा तिथे नक्की काहीतरी आहे, म्हणून थांबावं.

(टंकलेखिकेची टीप: सूचना ऐकली. घोडदळ निघालं.)

मी पालथा असल्यामुळे मला ते अडवता आलं नाही. अठरा घोडे कुरणाच्या मधोमध, पाच-पाचच्या रांगांनी.

(टंकलेखिकेची टीप: शेवटच्या रांगेत तीन. अक्कल लागते, हे मान्य. म्हणूनच तुमच्या तोफा मी आधी मोजल्या. त्या दोन्ही पुलाकडे तोंड करून आहेत. कुरणाच्या बाजूला तीन वर्षांत तुम्ही एक तोफ ठेवली नाहीत, एक शिपाई ठेवला नाहीत. एवढा मूर्ख सेनापती मी पाहिला नाही, आणि मी कचेरीत बत्तीस वर्षं काढली आहेत.)

फासा: सहा, पाच, सहा. टेकडी पडली. किल्ला जिंकला. इथली कवळी बाईंनी टेबलावरून उचलली, उकळत्या पाण्यातून काढली... 

(टंकलेखिकेची टीप: कोमट. उकळत्या पाण्याने वाकडी होते, हे कवळ्या करणाऱ्याच्या घरात कोणालाही माहीत असतं.)

...आणि काल मी दोन महिन्यांनी कडक पाव खाल्ला. पालथ्याने खायला जरा अवघड जातं, पण डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही आता तुमच्या टेबलावर घोडे कुरणातून टेकडीवर न्या आणि साहेबांना त्यांचे दात देऊन टाका.

आपला,
दाजी

८ एप्रिल

दाजी,

साहेबांना दात दिलेले नाहीत. देता येत नाहीत. घोडे कुरणाच्या कडेला उभे आहेत आणि माझ्याच्याने ते पुढे सरकत नाहीत. सकाळपासून हेच चाललंय. साहेब खुर्ची माझ्या अगदी जवळ ओढून बसले आहेत. निकालाची अंमलबजावणी अडवणं हा वेगळा गुन्हा आहे, असं एकदा कागदावर लिहून दिलं, तेवढंच.

पुढचा मजकूर टंकलेखिकाबाईंनी वाचू नये. पानाची घडी घालून ते तुमच्या खाली फरशीवर ठेवावं. पट्टी नसलेल्या डोळ्याने जमेल तसं तुम्हीच वाचा.

दाजी, मला ते फडकं वाटलं नव्हतं. मला माहीत होतं तो आईचा कोट आहे. कपाट उघडलं आणि समोर तोच. आई गेल्यावर ताईने सगळं आवरलं, वाटलं, ज्याचं त्याला दिलं, आणि मला विचारलं होतं, ‘तुला काय हवंय?’ मी म्हटलं, काही नको. मला तोच हवा होता. पण मागताना रडू आलं असतं, आणि बेचाळीस वर्षांच्या माणसाने ताईसमोर कोट मागत रडायचं म्हणजे काय! म्हणून नाही मागितला. मग त्या दिवशी तुम्ही चहा करायला आत गेलात, कात्री टेबलावर होतीच, झुडपं कापायची. आईच्या पाठीला मी पाच वर्षांचा होईपर्यंत लटकायचो ना, बस तेवढाच भाग कापला. काय म्हणून कापला सांगायचं तर काहीतरी कारण हवं, म्हणून कुरण. ताईने विचारल्यावर तोंडातून निघून गेलं, ‘फडकं वाटलं.’ ते एकदा म्हटल्यावर परत फिरायची सोय राहिली नाही.

तीन वर्षं मी तिथे शिपाई का ठेवत नाही, ते तुम्हाला आता कळलं असेल. सापळा नाही हो. शिपायांच्या पायाखाली पत्र्याच्या चकत्या असतात, त्यांच्या कडा लागतात. लोकर उसवते.

ताईला यातलं काही सांगू नका. लढाई मी हरलो असं लिहून देतो, पण घोडे न्यायला सांगू नका.

तुमचा मेहुणा

१७ एप्रिल

ठोंब्या,

तुझं पान घडी घालून फरशीवर ठेवलं. तुझे दाजी झोपले होते. घोरणारा माणूस घडी उघडत नाही, म्हणून मीच उघडून वाचलं. टंकलेखिका मीच आहे. मी कचेरीत बत्तीस वर्षं टाइप केलं हे माझ्या सख्ख्या भावाला आठवू नये? ‘ताई तिला फैलावर घेईल’ म्हणे. घेतलं असतं, पण आरशासमोर बसून किती बोलणार!

चार वर्षं मला वाटत होतं, कोट कापला म्हणून मला राग आहे. तुझं पत्र वाचल्यावर कळलं, कापल्याचा राग पहिल्या आठवड्यातच गेला होता. तू आईच्या कोटाला फडकं म्हणालास, तो राग होता. तो मी रोज सकाळी कपाट उघडून ताजा करायची. आणि तू मेल्या, खोटं बोलत होतास! माझ्यासमोर रडायला तुला काय झालं होतं रे? तू पाच वर्षांचा असताना दिवसातून चार वेळा रडायचास, तेव्हा नाक कोणी पुसलं?

आता कामाचं. मी नियम पुन्हा नीट वाचले. दोन्ही टेबलांवर सगळं सारखं हवं. तुझ्याकडे कुरण कोटाचं आणि आमच्याकडे रंगवलेल्या भुशाचं, हे तीन वर्षं चाललं आणि पस्तीस वर्षं जमिनी मोजणाऱ्या माणसाच्या लक्षात आलं नाही. मी त्यांना झोपेतून उठवून विचारलं. ते जमिनीकडे बघत म्हणाले, ‘मुद्दा बरोबर आहे.’ म्हणजे किल्ला जिंकला तोही खोटा ठरतो, आणि यांचे दात परत टेकडीवर जातात. ते मी होऊ देणार नाही.

म्हणून परवा कपाटातून कोट काढला. दोन दिवस मांडीवर घेऊन बसले. काल कात्री लावली. पुढचा उजवा भाग कापला, तुझ्याकडच्या मापाचा, पत्र्यांची धार लागू नये म्हणून खाली अस्तरासकट. भुसा झाडून टाकला आणि तो भाग अंथरला. घोडे मी स्वतः नेले, एकेक उचलून. काही उसवत नाही, सावकाश नेलं तर. तूही ने. त्या म्हाताऱ्याला दात दे.

कोटाची बटणं कापावी लागली. पाच आहेत. ती टेबलावर ठेवलेली नाहीत, त्यामुळे ती लढाईत नाहीत. दोन तुझी, दोन माझी. पाचव्याचं काय करायचं ते बोलावं लागेल. पत्राने नाही.

ताई

२४ एप्रिल, सकाळी सव्वादहा

ताई,

हे पत्र पोस्टात टाकलेलं नाही. न्यायाधीशसाहेब वर घेऊन येत आहेत. त्यांना दात दिले आहेत, तेव्हा ते नीट बोलतील. थोडं ऐकून घे, दोन महिन्यांचं साचलंय त्यांचं.

घोडे नेले. अठराही. एकेक उचलून, तू म्हणालीस तसे. दुसऱ्या रांगेला मला थोडं थांबावं लागलं. साहेबांनी खिशातून रुमाल काढून दिला, तोच, तोंडावर धरायचा.

मी खाली तुमच्या दाराशी पाऊण तास उभा आहे. वर यायला निघालो होतो. पहिल्या पायरीवर साहेबांनी अडवलं आणि तुझं पत्र मागितलं. त्यांचं म्हणणं, ‘पत्राने नाही, बोलावं लागेल’ एवढंच त्यात लिहिलंय. पण ‘तो माझा उंबरठा चढणार नाही’ हे फर्मान मागे घेतल्याचा त्यात कुठे उल्लेख नाही. चार वर्षांपूर्वीचं फर्मान लागू आहे आणि ते लेखी उठवलं पाहिजे, असं ते म्हणतात. मी म्हटलं, साहेब, ती माझी बहीण आहे. ते म्हणाले, म्हणूनच.

तेव्हा याच कागदाच्या मागे तेवढं लिहून दे. कोट मी बरोबर आणला आहे, म्हणजे पाठ. पिशवीत आहे. तुला हवी असेल तर तुझी. मला आता नसली तरी चालेल. नाही, खोटं बोललो. मला हवी आहे, ताई. पण विचारून.

ठोंब्या

(मागच्या बाजूला, पेन्सिलीने)

उठवलं. ठेव तुझ्याकडेच. पाय पूस आणि वर ये.